चिनी कवींचे विषय आणि खानदेशचीं गाणीं

श्रोतेहो, एखाद्या समाजाचा इतिहास जाणून घ्यावयाचा असला म्हणजे त्याचे राजे कोण होते, लढाया किती झाल्या, कर किती होते, ही माहिती आपण प्रथम शोधतों. तो समाज गात कशाविषयीं होता, हा प्रश्न विचारण्याची आपणांस फारशी संवय नाहीं. चिनी लोकांनीं मात्र हा प्रश्न फार पूर्वीं विचारला आणि त्याचें उत्तर जपून ठेविलें. आजच्या भाषणांत चीनच्या प्राचीन काव्याचे मुख्य विषय कोणते होते हें मी सांगणार आहें, आणि त्यांच्या शेजारीं आपल्या जळगांव-धुळें भागांतील, म्हणजे जुन्या खानदेशांतील, कवितेचे विषय ठेवून पाहणार आहें.

या दोन काव्यांचा परस्परांशीं कांहीं संबंध नव्हता, हें आरंभींच सांगितलें पाहिजे. चिनी कवितांचें आर्थर वेली यांनीं केलेलें प्रसिद्ध इंग्रजी भाषांतर १९१८ सालीं बाहेर पडलें. त्याच वर्षीं खानदेशचे बालकवि वारले. आसोद्याच्या बहिणाबाईंना तर कोणतीच लिपि वाचतां येत नव्हती. तेव्हां कोणीं कोणाचें अनुकरण केलें हा वाद येथें उद्भवतच नाहीं. दोन दूरच्या भूमींतील माणसें गाण्यासाठीं कोणते विषय निवडतात, आणि त्यांतलीं कोणतीं गाणीं मागें राहतात व कां राहतात, एवढाच आपला प्रश्न आहे.

चिनी काव्याचा सर्वांत जुना संग्रह म्हणजे 'शी-चिंग', अर्थात् गीतांचा ग्रंथ. त्यांत ३०५ गीतें आहेत. त्यांपैकीं १६० निरनिराळ्या राज्यांतील लोकगीतांच्या धर्तीचीं, १०५ दरबारांतील प्रसंगांचीं आणि ४० पूजेचीं व स्तुतीचीं. परंपरा अशी सांगते कीं, जुन्या राजांचे अधिकारी गांवोगांव हिंडून लोकांचीं गाणीं गोळा करीत. कारण प्रजा सुखी आहे कीं गांजलेली आहे हें तिच्या गाण्यांवरून कळतें. कन्फ्यूशियसनें या गीतांची निवड केली असेंहि परंपरा सांगते. आधुनिक पंडित या दोन्ही गोष्टी शब्दशः खऱ्या मानीत नाहींत. परंतु इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकांत हान वंशांतील वू बादशहानें संगीताचें एक सरकारी खातें वाढविलें आणि त्या खात्यानें लोकांमधील गाणीं जमा केलीं, हें इतिहासाला मान्य आहे. लोकांचें गाणें ही राज्यानें जपून ठेवण्याजोगी वस्तु आहे, असें मानणारा समाज तेथें होता, एवढें त्यावरून निश्चित होतें.

आतां त्या जुन्या गीतांत काय आहे तें पहा. तरुण-तरुणींच्या भेटी आहेत. मोहिमेवर गेलेला नवरा केव्हां परतेल म्हणून दाराशीं उभी असलेली बायको आहे. धान्य खाऊन टाकणाऱ्या मोठ्या उंदराला उद्देशून केलेली तक्रार आहे, आणि तो उंदीर म्हणजे कर गोळा करणारा अंमलदार, हें ऐकणाऱ्यास सांगावें लागत नाहीं. एका दीर्घ गीतांत शेतकऱ्याचें सारें वर्ष महिन्यामहिन्यानें वर्णिलें आहे. नांगर केव्हां दुरुस्त करावयाचा, रेशमाच्या किड्यांसाठीं तुतीचा पाला केव्हां तोडावयाचा, भात केव्हां कापावयाचें, बर्फ केव्हां फोडून साठवावयाचें, इतका बारीक तपशील त्यांत आहे. यांत देवादिकांच्या कथा जवळजवळ नाहींत. महाकाव्यांतले वीर नाहींत. आपल्याकडे रामायण-महाभारताच्या कथांनीं काव्य भरून गेलें आहे. त्या मानानें चिनी काव्याचा हा आरंभ अगदीं घरगुती वाटतो.

परंतु आपल्याकडे अशी घरगुती कविता नव्हती, असें मात्र नाहीं. ती ग्रंथांत नव्हती, घरांत होती. खानदेश जिल्ह्याचे १९०६ सालीं पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करण्यांत आले. पूर्वेचें मुख्य ठाणें जळगांव, पश्चिमेचें धुळें. पण तापी, गिरणा आणि पांझरा या नद्यांच्या कांठची बोली, सण आणि गाणीं या रेघेनें तुटलीं नाहींत. धुळ्याकडे अहिराणीचा भर, तर जळगांव, यावल, रावेर या बाजूस लेवा मंडळींची बोली. ग्रिअर्सन साहेबांनीं आपल्या भाषा-पाहणींत खानदेशीला भिल्ली भाषांच्या बरोबरच्या खंडांत जागा दिली, यावरून ती पुण्याच्या मराठीपासून किती निराळी त्यांच्या कानांना वाटली असेल याची कल्पना येते. शाळेच्या पुस्तकांत या बोलींना जागा नव्हती. म्हणून त्यांतील कविता जात्यावर, झोक्यावर आणि पाणवठ्यावरच राहिली.

अक्षय्यतृतीयेला खानदेशांत आखाजी म्हणतात. त्या दिवसांत शेतीचें काम थांबलेलें असतें. सासरीं गेलेल्या लेकी माहेरीं येतात, लिंबाच्या झाडाला झोके बांधले जातात, आणि त्या झोक्यांवर गौराईचीं गाणीं म्हटलीं जातात. श्रावणांत कानबाईचा उत्सव येतो. त्याचीं गाणीं निराळीं. भाद्रपदांत व आश्विनांत मुलींची गुलाबाई किंवा भुलाबाई येते. यांशिवाय रोजच्या दळणाच्या ओव्या आहेतच. या सर्व गाण्यांचे विषय मोजले तर ते थोडेच भरतील: आई, बाप, भाऊ, माहेरची वाट, सासूचा जाच, मूल, पाऊस, पीक आणि देव. थोडे विषय पुष्कळ प्रकारांनीं गाणें, हें चिनी काव्याचेंहि लक्षण आहे. थांग वंशाच्या काळांतील (इ. स. ६१८ ते ९०७) कवितांचा समग्र संग्रह अठराव्या शतकाच्या प्रारंभीं बादशाही आज्ञेनें तयार झाला, त्यांत दोन हजारांहून अधिक कवि आणि अठ्ठेचाळीस हजारांहून अधिक कविता आहेत. परंतु त्यांचे विषयहि असेच मोजके आहेत.

त्या मोजक्या विषयांत पहिला विषय ताटातुटीचा. याचें कारण राज्यकारभारांत सांपडतें. थांग काळीं सरकारी नोकरीच्या सर्वांत मानाच्या परीक्षेंत कविता रचावी लागे. त्यामुळें बहुतेक अंमलदार थोडेबहुत कवि असत, आणि बहुतेक कवि अंमलदार होते किंवा होऊं पाहत होते. अंमलदाराची नेमणूक घरापासून दूर होई, वरचेवर बदली होई, आणि दरबाराची मर्जी गेली तर दक्षिणेकडील रोगट मुलखांत रवानगी होई. मित्राला पोंचवावयास नदीपर्यंत जावें, मद्याचा शेवटचा पेला घ्यावा आणि नाव दिसेनाशी होईपर्यंत उभें राहावें, हा प्रसंग त्यांच्या आयुष्यांत पुनःपुन्हां येई. निरोप देतांना विलो नांवाच्या झाडाची डहाळी मोडून देण्याची चाल होती. कारण चिनी भाषेंत त्या झाडाचें नांव आणि 'थांबणें' या अर्थाचा शब्द यांचा उच्चार जवळजवळ एक आहे. डहाळी हातांत देणें म्हणजे 'जाऊं नकोस' असें न बोलतां म्हणणें. दूरच्या माणसाची आठवण चंद्रामुळें यावी, कारण तोच चंद्र तिकडेहि दिसत असेल; आणि उत्तरेकडून येणाऱ्या रानहंसांच्या रांगेकडे पाहून पत्राची आठवण व्हावी, हे संकेतहि याच विषयाभोंवतीं वाढले.

आपल्याकडे हा विषय पुरुषांच्या बदल्यांतून आला नाहीं, मुलींच्या लग्नांतून आला. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० सालीं आसोदे गांवीं झाला आणि तेराव्या वर्षीं त्यांचें लग्न जळगांवच्या नथूजी चौधरी यांच्याशीं झालें. आसोदे आणि जळगांव यांच्यांत अंतर तें किती? अवघें तीन-चार मैल. परंतु माहेरची वाट हा त्यांच्या गाण्यांतला एक मोठा विषय झाला. त्या वाटेवरचे खांचखळगे, दगड, ऊन यांच्याशीं त्या बोलतात. आणि याच विषयावर बोलतां बोलतां त्या असा एक विचार सांगून जातात कीं, आई आपलें सासर धरून राहते म्हणूनच लेकीला माहेर मिळतें. चिनी कवीला सहस्र मैलांच्या प्रवासांत जें दुःख भेटलें तें खानदेशच्या मुलीला तीन मैलांत भेटत होतें. कारण ताटातूट मैलांनीं मोजतां येत नाहीं. आपल्या इच्छेनें परत जातां येतें कीं नाहीं, यावर ती अवलंबून असते.

दुसरा मोठा विषय शेताचा. ताओ युआन-मिंग हा कवि इ. स. ३६५ ते ४२७ या काळांत होऊन गेला. पोटासाठीं त्यानें लहानसहान नोकऱ्या केल्या, परंतु इ. स. ४०५ सालीं एका तालुक्याची अंमलदारी सुमारें ऐशीं दिवस केल्यावर त्यानें ती सोडली आणि तो आपल्या शेतावर परतला. दरबारी वर्तुळांतील काव्यांत तोंपर्यंत शेताला असें स्थान नव्हतें. कुंपणाजवळचीं शेवंतीचीं फुलें, कुदळ खांद्यावर टाकून चांदण्यांत घरीं परतणें, शेजाऱ्याशीं पिकापाण्याच्या गोष्टी, घरांत धान्य नसल्याची चिंता, हे विषय त्यानें काव्यांत आणले. पुढील पिढ्यांनीं त्याला शेतमळ्याच्या कवितेचा जनक मानलें. परंतु एक गोष्ट विसरतां येत नाहीं: तो शेताकडे परत आला होता. त्याच्यापुढें दुसरा मार्ग होता आणि तो त्यानें नाकारला होता. म्हणून त्याच्या शेतांत नेहमीं एक मुक्ततेचा श्वास आहे.

बहिणाबाईंच्या शेतांत ही मुक्तता नाहीं. तेथें काम आहे. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी अशीं त्यांचीं गाणीं एकापुढें एक ठेवलीं म्हणजे खानदेशच्या काळ्या जमिनींतलें सारें वर्ष डोळ्यांपुढें उभें राहतें. चिनी गीतग्रंथांतील बारा महिन्यांच्या त्या जुन्या गीताशीं त्यांचें नातें ताओच्या कवितेहून अधिक जवळचें आहे. विहिरीवर मोट चालली आहे, बैल परत फिरतात, पाट भरतो, आणि मोट हांकणारा एक असला तरी तिच्यावर कितीक जीव पोसले जातात, हें बाईला त्यांत दिसतें. दळतांना जात्याला त्या आपल्या बोलींतला 'घरोट' हा शब्द वापरतात आणि त्या शब्दावरच विचार करूं लागतात. सुगरणीचा खोपा झाडाला टांगलेला दिसतो आणि एवढ्याशा चोंचीनें पांखरानें हें केलें, मग दोन हात आणि दहा बोटें असलेल्या माणसानें काय करावें, असा प्रश्न उभा राहतो. काम करतां करतां हाताखालच्या वस्तूकडे पाहावें आणि तीच वस्तु विचाराला वाट दाखवी, अशी ही रीति आहे. चिनी समीक्षकांनीं 'समोरचा देखावा' आणि 'मनांतील भाव' यांच्या मेळाला काव्याचें सार मानलें. बहिणाबाईंना हा सिद्धांत कोणीं सांगितला नव्हता. जात्याचा खुंटा हातांत असलेल्या बाईला दुसरें आरंभस्थान नव्हतें.

तिसरा विषय निसर्गाचा. आणि येथें थांग काळांतील वांग वेई याचें नांव प्रथम येतें. आठव्या शतकांत राजधानीच्या दक्षिणेस डोंगरांत वांग-छुआन येथें त्याची वाडी होती, आणि तेथील टेकड्या, बांबूंचीं बनें, झरे यांवर त्यानें चार-चार ओळींच्या लहानशा कवितांची एक मालिका रचली. तो चित्रकारहि होता. त्याच्या काव्यांत चित्र दिसतें असा अभिप्राय सू तुंग-पो या मागाहूनच्या थोर कवीनें दिलेला आहे. तो बौद्ध होता. त्याचें नांव आणि त्यानें धारण केलेलें दुसरें नांव हीं जोडलीं म्हणजे 'वेई-मो-च्ये' होतें, आणि तें 'विमलकीर्ति' या आपल्या संस्कृत नांवाचें चिनी रूप आहे. त्याच्या जन्माआधीं सुमारें साठ वर्षें ह्युएन-त्संग महाराष्ट्रांत येऊन गेला होता आणि डोंगरांत कोरलेल्या एका विहाराचें वर्णन त्यानें लिहून ठेविलें. तें वर्णन अजिंठ्याचें असावें असें अनेक विद्वान मानतात. जळगांवच्या दक्षिणेस अजिंठ्याचा घाट उभा आहे. चिनी निसर्गकाव्यांतल्या निःशब्द शांतीला जो बौद्ध विचार पोषक झाला, त्याचें एक स्थान आपल्या इतक्या जवळ होतें, ही गोष्ट जाणून कोणास आनंद होणार नाहीं?

खानदेशचा निसर्गकवि म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, अर्थात् बालकवि. त्यांचा जन्म १८९० सालीं धरणगांव येथें झाला. वडील पोलीस खात्यांत असल्यामुळें बदल्या होत, आणि त्या बदल्यांबरोबर मुलाचें बालपण खानदेशांतील निरनिराळ्या गांवीं गेलें. १९०७ सालीं जळगांवला कविसंमेलन भरलें. अध्यक्ष होते डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. ते वैद्यक जाणणारे आणि वनस्पतिशास्त्राचे मोठे अभ्यासक होते. त्या सभेंत सतरा वर्षांच्या या मुलानें कविता म्हटली आणि 'बालकवि' ही पदवी त्याला तेथें मिळाली. रेव्हरंड टिळकांनीं त्याला पुढें आपल्या घरीं आश्रय दिला. फुलांची, झाडांची, झऱ्यांची कविता करणाऱ्या मुलाचा गौरव एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखालीं व्हावा, हा योग मोठा शोभणारा होता.

बालकवींची 'औदुंबर' ही कविता आठ ओळींची आहे. तिच्यांत प्रथम झरा, मग टेकडीकडचें लहानसें गांव, मग शेतमळे, मग त्यांतून निघालेली वाट, मग काळा डोह, आणि शेवटीं त्या डोहांत पाय सोडून बसलेला वृक्ष, अशीं चित्रें क्रमानें येतात. कवि स्वतःविषयीं एक शब्दहि बोलत नाहीं. थांग काळच्या नियमबद्ध कवितेचा एक प्रमुख प्रकार आठच ओळींचा असे. दोन-दोन ओळींचे चार जोड, मधल्या दोन जोडांत शब्दास शब्द समोरासमोर, आणि बहुधा शेवटच्या जोडांत कवीच्या मनाची खूण. बालकवींना ही रचना ठाऊक असण्याचा संभव नव्हता. तथापि दृष्टि दुरून जवळ आणीत आणीत एका ठिकाणीं थांबविणें आणि तेथें मनाची सारी उदासी न सांगतां ठेवणें, हा मार्ग त्यांना स्वतंत्रपणें सांपडला. म्हणूनच ही कविता इतक्या वर्षांनंतरहि पुनःपुन्हां वाचली जाते आणि तिच्या अर्थाविषयीं वाद होतात.

बालकवींचा अंत १९१८ सालीं ५ मे रोजीं भादली स्टेशनजवळ आगगाडीखालीं झाला. वय अठ्ठावीसहि पुरें नव्हतें. कवीच्या मृत्यूभोंवतीं कथा जमतात. लि पो हा कवि नावेंतून पाण्यांतलें चंद्रबिंब धरावयास गेला आणि बुडाला, अशी चिनी लोकांत आख्यायिका आहे. इतिहासाला तिचा आधार नाहीं. चंद्र आणि मद्य हे त्याच्या काव्याचे विषय, म्हणून लोकांनीं मृत्युहि त्याच विषयांतून घडविला. बालकवींविषयीं आपण असें करूं नये, असें मला वाटतें. त्यांचें निसर्गावरील प्रेम खरें होतें आणि भादलीचा अपघातहि खरा होता. एकाचा अर्थ दुसऱ्यांत शोधण्याचें कारण नाहीं.

चवथा विषय राष्ट्रावरील संकटांचा. आणि येथें तु फु याच्या तोडीचा कवि जगांत क्वचितच सांपडेल. इ. स. ७५५ सालीं आन लु-शान या सेनापतीनें बंड केलें आणि आठ वर्षें चीन होरपळून निघाला. त्याच सुमारास तु फु घरीं पोंचला तेव्हां त्याचें लहान मूल उपासमारीनें गेलेलें त्याला आढळलें. पुढें एका खेड्यांत रात्रीं मुक्काम असतां सैन्यासाठीं माणसें धरून नेणारा अंमलदार आला. म्हातारा भिंतीवरून पळून गेला आणि म्हातारी सैन्याचा स्वयंपाक करावयास स्वतः निघाली, हा प्रसंग त्यानें कवितेंत नोंदवून ठेविला. कवितेंत तो स्वतः ऐकणारा आहे. टीका करीत नाहीं. चिनी लोक त्याला 'कवि-इतिहासकार' म्हणतात. बखरींत बंडाच्या तारखा सांपडतात. त्या रात्रीं त्या घरांत काय झालें हें तु फु सांगतो.

खानदेशावर संकटें कांहीं थोडीं आलीं नाहींत. छपन्नाचा दुष्काळ, म्हणजे १८९९-१९०० चा, आणि त्याच सुमारास सुरू झालेला प्लेग यांच्या स्मृति घराघरांत होत्या. परंतु बालकवींच्या गाजलेल्या कवितांत ते दिसत नाहींत. इतिहासाचा तो भाग कागदांनीं सांभाळला, आणि कागद सांभाळणारे आपल्याकडे थोर होते. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव पायपीट करून दप्तरें मिळविलीं, त्यांचीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' बावीस खंडांत प्रसिद्ध झालीं, आणि १९२६ च्या अखेरीस धुळ्यालाच त्यांनीं देह ठेविला. त्यांच्या मागें धुळ्यांत राजवाडे संशोधन मंडळ उभें राहिलें. राजवाड्यांनीं दप्तरांसाठीं जें केलें तें झोक्यावरच्या आणि जात्यावरच्या गाण्यांसाठीं तितक्या निष्ठेनें कोणी केलें असतें तर? एखाद्या घराचें दप्तर माळ्यावर दोनशें वर्षें राहूं शकतें. गाणें म्हणणारी म्हातारी गेली कीं तिच्याबरोबर गाणें जातें.

असा प्रयत्न मुळींच झाला नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. अंमळनेरच्या शाळेंत शिक्षक असलेल्या साने गुरुजींनीं बायकांच्या ओव्या जमविल्या आणि 'स्त्रीजीवन' या ग्रंथांत त्या विषयवार लावल्या. बोललेला शब्द जपण्याचें महत्त्व त्यांना चांगलें ठाऊक होतें. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर जीं अठरा प्रवचनें दिलीं तीं गुरुजींनीं ऐकतां ऐकतां लिहून घेतलीं, म्हणूनच आज तीं आपल्या हातीं आहेत. ऐकणारा लिहिणारा निघाला नाहीं तर शब्द हवेंत विरतो, हें आम्हां आकाशवाणीवर बोलणाऱ्यांना निराळें सांगावयास नको.

स्त्रियांच्या दुःखाचा विषय चिनी काव्यांत पुष्कळ आहे. परंतु त्यांतलीं कित्येक गाणीं स्त्रीच्या तोंडीं घातलेलीं असून लिहिणारे पुरुष आहेत. राजवाड्यांत विसरली गेलेली राणी, सैनिकाची एकटी बायको, वृद्ध झालेली गायिका, या पात्रांच्या आडून कवि पुष्कळदां स्वतःचीच उपेक्षा सांगत असे. स्वतःच्या आवाजानें बोलणारी थोर कवयित्री म्हणजे ली चिंग-चाओ, जन्म इ. स. १०८४. इ. स. ११२७ सालीं उत्तरेकडून परकी आक्रमण आलें, घर सोडावें लागलें, दोन वर्षांनीं पति वारला, आणि दोघांनीं मिळून जमविलेला ग्रंथांचा व प्राचीन वस्तूंचा संग्रह हळूहळू नाहींसा झाला. तिच्या उत्तर काळच्या कवितांत एकटें घर, पाऊस आणि संध्याकाळ एवढेच विषय उरतात. परंतु ती विद्वानांच्या घरांत जन्मली होती आणि तिची लेखणी तिच्या हातांत होती.

बहिणाबाईंना तिसाव्या वर्षाच्या सुमारास वैधव्य आलें. पदरीं मुलें होतीं, भाऊबंदकी होती आणि शेत होतें. कपाळावरचें कुंकू पुसलें गेल्यावर त्याखालीं लपलेली नशिबाची रेघ उघडी पडली, असें त्या एका गाण्यांत म्हणतात, आणि भविष्य सांगावयास येणाऱ्या ज्योतिष्याला आपल्या दारांतून परत पाठवितात. हें गाणें पुरुषानें स्त्रीच्या तोंडीं घातलेलें नाहीं. त्यांतील कणखरपणा उसना आणतां येत नाहीं. परंतु लेखणी त्यांच्या हातांत नव्हती, आणि येथेंच सारा प्रश्न उभा राहतो.

त्या गात, चिरंजीव सोपानदेव, जे स्वतः कवि होते, आणि पितांबर चौधरी यांनीं त्यांतलें जमेल तितकें टिपून ठेविलें. ३ डिसेंबर १९५१ रोजीं बहिणाबाई वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनीं तें बाड आचार्य अत्रे यांना दाखविलें, आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंचीं गाणीं' १९५२ सालीं प्रसिद्ध झालीं. कवयित्रीनें आपलें छापलेलें पुस्तक पाहिलें नाहीं. आज जळगांवच्या विद्यापीठाला त्यांचें नांव आहे. २०१८ सालापासून तें कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून ओळखलें जातें. ज्या बोलीला शाळेच्या पुस्तकांत जागा नव्हती त्या बोलींत गाणाऱ्या निरक्षर बाईचें नांव विद्यापीठाला मिळालें, ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु ती घडली ती मुलगा कवि निघाला म्हणून आणि एक बाड हरवलें नाहीं म्हणून. ज्या बायांचे मुलगे कवि नव्हते, त्यांचें काय झालें?

पो चू-ई या चिनी कवीविषयीं अशी आख्यायिका आहे कीं, तो आपली कविता प्रथम एका अडाणी म्हातारीला वाचून दाखवी, आणि तिला जो शब्द समजला नाहीं तो बदलून टाकी. सोपेपणाचा आदर्श म्हणून ही गोष्ट चीनमध्यें शेंकडों वर्षें सांगितली जाते. पण त्या म्हातारीला स्वतःचें कांहीं म्हणावयाचें होतें काय, हें तिला कोणीं विचारल्याचें त्या कथेंत नाहीं. आसोद्याच्या बाईमुळें आपणांस निदान एवढें कळलें कीं, तसें विचारणें जरूर असतें.

श्रोतेहो, चिनी काव्याचे विषय आणि आपले विषय यांत साम्य आहे तें माणूस सर्वत्र सारखाच आहे म्हणून. ताटातूट, शेत, पाऊस, भूक, एकटेपणा यांना कोणत्याहि देशाची सरहद्द अडवीत नाहीं. फरक पडला तो जपणुकींत. तिकडे राज्यानें, पंडितांनीं आणि परीक्षांनीं कविता जपली. त्यामुळें अडीच हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्याची तक्रार आजहि वाचतां येते. इकडे तें काम घरावर सोडलें गेलें. तेव्हां तें घरांनींच करावयास हवें. आपल्या घरीं किंवा शेजारीं आखाजीचीं, कानबाईचीं, दळणाचीं गाणीं येणारी एखादी वृद्ध आजी असेल तर तिच्याजवळ एक वही घेऊन बसा. तिच्या तोंडचा शब्द जसा आला तसाच लिहा. शुद्ध करूं नका. गांवाचें नांव, गाणें कोणत्या प्रसंगीं म्हणतात तें आणि तें तिला कोणीं शिकविलें तें खालीं नोंदवा. जळगांव-धुळ्याच्या प्रत्येक शिकलेल्या कुटुंबानें अशी एकेक वही तयार केली, तर खानदेशचा गीतांचा ग्रंथ आपोआप सिद्ध होईल, आणि त्यासाठीं कोणा राजाच्या अधिकाऱ्यानें गांवोगांव हिंडण्याची गरज पडणार नाहीं.